सापडलेल्याचं नाव

दवाखान्याच्या खिडकीमागच्या बाईनं कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचताच तिला हसू फुटलं. "नायदान! सापडलेला! काय हो आजोबा, कुठं सापडलात?" बाकांवर पेंगत बसलेली आठ-दहा माणसं एकदम जागी झाली. "चव्हाट्यावर," बाबा म्हणाला. काठीवर भार देत तो सावकाश खिडकीपाशी गेला. "तू त्या वाटेनं आली नाहीस हे तुझं नशीब. नाहीतर मला आयुष्यभर सांभाळत बसली असतीस." बाकं हसली, बाई सगळ्यांत जास्त हसली, आणि तिनं रांग मोडून आधी त्याच्याच रक्तदाबाच्या गोळ्यांच्या कागदावर शिक्का मारला. त्याची मुलगी विश्न्या मात्र समोरच्या भिंतीवरचा लस टोचून घेण्याचा फलक वाचत राहिली. हसणं पूर्ण विझेपर्यंत तिनं त्यातली प्रत्येक ओळ दोनदा वाचली. मग तिच्या लक्षात आलं की आपण वाचत नव्हतो, तोंड लपवत होतो. वय एकोणपन्नास, छापखान्यातल्या मुद्रितशोधनाची सत्तावीस वर्षं, एक घटस्फोट, कपाळावर चष्मा, आणि तरी कोणी बापाचं नाव मोठ्यानं घेतलं की मान आपोआप भिंतीकडे वळते. ती स्वतःवरच इतकी चिडली की ट्राममध्ये चढताना बाबाला हात द्यायचा राहून गेला. त्यानं तो मागितलाही नाही. ट्राम डेपोत एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, तो ट्रामचा दांडा असा धरायचा जसा दुसरा कोणी जुन्या मित्राचा खांदा धरेल. खिडकीशी बसून त्यानं जरा वेळ चाकांचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "हिचा मागचा ब्रेक घासतोय. कोणाला सांगू नकोस, उतरवतील सगळ्यांना."

सप्टेंबर संपत आला होता. सगळ्या बेलग्रेडला या दिवसांत भाजक्या मिरच्यांचा वास येतो, तसा बाबाच्या काराबुर्मा वस्तीलाही येत होता. प्रत्येक गच्चीत चूल, प्रत्येक चुलीवर लाल ढोबळ्या मिरच्या, आणि प्रत्येक घराची खात्री की आयवार, ती वर्षभराची मिरच्यांची चटणी, करावी तर आपणच. बाबानं दहा किलोची जाळी घेतली. विश्न्या म्हणाली, "एवढ्या कशाला? आई गेल्यापासून आपण दोघंच." तो म्हणाला, "एवढ्या नाहीत. सोलल्यावर बघ काय उरतं." तो गच्चीत ठेंगण्या स्टुलावर बसून भाजत होता, ती आत मोरीपाशी सोलत होती. बोटांच्या टोकांना काळं साल चिकटत होतं, मनगटांवरून लाल पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. दार उघडं होतं आणि दोघांच्या मधे फक्त धूर. त्या धुरातून तो एकदाच बोलला. "बाई चांगली होती ग, बाळा. हसली, पण नाव पुरतं घेतलं." विश्न्यानं एक साल ओढून काढलं आणि म्हणाली, "हं." एवढंच. पुढं कित्येक दिवस ती त्या 'हं'कडे परत परत जाणार होती, जीभ दुखऱ्या दाढेकडे जाते तशी. त्यानं दार उघडून दिलं होतं का? की तो सहज बोलला होता, धूर डोळ्यांत जातो तेव्हा माणूस काहीतरी बोलतो तसं? सूर्य कलायच्या आत ती निघाली. निघताना तो म्हणाला, "उद्या राहिलेल्या करू." ती म्हणाली, "बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बुदिमीरकाकांचा फोन आला. खालच्या मजल्यावरचे, इमारतीच्या मंडळाचे प्रमुख, बाबाचे बुद्धिबळातले वैरी. ते रिकाम्या बरण्या द्यायला वर गेले होते. बाबा गच्चीत त्याच स्टुलावर बसला होता, पाठ भिंतीला टेकलेली. चूल अजून कोमट होती.

त्या दिवसाचं तिला पुढं काही सलग आठवेना. डॉक्टर आला, सही झाली, कोणीतरी कॉफी केली, कोणीतरी आरसा चादरीनं झाकला. बुदिमीरकाका दारात उभे राहून म्हणाले, "तू बस पोरी. बाकीचं माझ्यावर सोड," आणि कपाटातल्या डब्यातून बाबाचा एक फोटो घेऊन गेले. तिनं मान हलवली. शनिवारी सकाळी ती पाव आणायला खाली उतरली तेव्हा इमारतीच्या काचेच्या दारावर, पाणी बंद असण्याच्या सूचनेशेजारी, काळ्या चौकटीचा कागद चिकटवलेला होता. बाबा त्यात हसत होता. तिनं तो वाचला, जसं ती सगळंच वाचते, चूक शोधत. जन्मसाल बरोबर. वय बरोबर. अंत्यविधी रविवारी एक वाजता, बरोबर. शोकाकुल: मुलगी विश्न्या, बहीण दारिन्का. बरोबर. आणि वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: नेनाद तासिच.

तिला राग आला नाही. हेच तिला नंतर सर्वांत भयंकर वाटलं. आधी आली ती सुटका. छातीतून काहीतरी अलगद खाली बसलं: आता कोणी विचारणार नाही. इमारत त्याला नेनाद म्हणून ओळखत होती, नेनाद म्हणून पोहोचवेल. मातीवर गवत येईल. ती पावाच्या दुकानाकडे वळली, रस्त्यावरच्या पहिल्या झाडावर तोच कागद, दुसऱ्यावर तोच, विजेच्या खांबावर तोच. पाचव्या कागदापाशी तिला जाणवलं की तिची पावलं हलकी पडताहेत, आणि ती तिथंच थांबली, कारण आपण बापाच्या मरणाच्या कागदांमधून हलक्या पावलांनी चाललो आहोत ही गोष्ट तिला शरीरातच कुठंतरी लागली.

नेनाद तिनं जन्माला घातला होता. चौदा वर्षांची असताना, या इमारतीत नुकते राहायला आले तेव्हा, नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी. जुन्या शाळेत हजेरीपुस्तकात बापाचं नाव असायचंच, आणि वर्षातून एकदा ते वाचलं जायचं. अकराव्या वर्षी एका मुलानं बाकावरून वळून विचारलं होतं, "सापडलेला? म्हणजे तुझ्या बापाला बाप नव्हता? कचऱ्यात सापडला का?" सगळा वर्ग हसला होता आणि विश्न्यानं भिंतीवरचा नकाशा बघितला होता, डॅन्यूब उगमापासून मुखापर्यंत. दुसऱ्यांचे बाप अलेक्सांदर होते, मिलान होते, एकाचा तर चक्क राजदूत होता. नव्या शाळेत वर्गशिक्षिकेनं पेन उचलून विचारलं, "वडिलांचं नाव?" आणि तिच्या तोंडून निघालं, "नेनाद." पहिलं अक्षर तेच होतं. दारावरच्या पाटीवर नुसतं 'न. तासिच' होतं. खोटं बोलताना तिनं तेवढा हिशोब केला होता, हे तिला आजही कौतुकानं आणि किळसेनं आठवतं. महिन्याभरानं गणितात पाचपैकी दोन पडले आणि प्रगतीपुस्तकावर पालकांची सही आणायला सांगितली. ती ते घेऊन स्वयंपाकघरात गेली. बाबा डेपोतून आला होता, नखांत वंगण होतं, पुढ्यात चवळीचं कालवण. त्यानं हात पुसले, चष्मा लावला, पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर नाव होतं: विश्न्या नेनाद तासिच. तो ते पान खूप वेळ बघत राहिला. कालवणावर साय धरली. आई विळीवरून मान वर करून म्हणाली, "काय लिहिलंय एवढं?" तो म्हणाला, "गणित." मग त्यानं पेन मागितलं आणि हळूहळू, नवीन किल्ली घासून बघावी तसं एकेक अक्षर बसवत, सही केली. पुस्तक मिटून तिच्याकडे सरकवलं. "गणितात दोन का?" त्यानं विचारलं. एवढंच विचारलं. तिनं पुस्तक न उघडता दप्तरात टाकलं, आपण काही पाहिलंच नाही अशा हातांनी. जिन्यात, दुसऱ्या वळणावर, तिनं ते उघडलं. नेनाद तासिच. खाली रेघ. रेघसुद्धा नीट सरळ.

चार वर्षं त्यानं तीच सही केली. पालकसभेत शिक्षिकेनं "कॉम्रेड नेनाद" म्हटल्यावर तो उभा राहिला. त्याच वर्गात बुदिमीरकाकांची मुलगी होती, आणि सभेहून दोघे बाप एकाच ट्राममधून परतले. त्या संध्याकाळपासून इमारतीत तो नेनाद झाला, मिस्त्री नेनाद, नळ गळतोय जरा बघता का नेनाद, शह दिला रे तुला नेनाद. तो ओ देत राहिला. घरात आई त्याला नायदानच म्हणायची, पण जिन्यात आल्यावर नाव गिळून "ए, ऐकलं का" म्हणायची. म्हणजे आईलाही ठाऊक होतं. तिघांच्या त्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि रविवारी सगळे मिळून कोंबडीचं सूप प्यायचे.

दुपारी दारिन्काआत्या आली, गावाहून, तिमोकच्या खोऱ्यातून, सहा तास बस बदलत. एका हातात गव्हाची पिशवी, दुसऱ्यात अक्रोडांची, मयतीचा गोड गहू शिजवायला. चौथ्या मजल्यावर चढून आली ती धापा टाकत नव्हती, धुमसत होती. "खाली कोण मेलंय?" तिनं दारातूनच विचारलं. "फोटो आमच्या नायदानचा आणि नाव भलत्याचं! मी म्हटलं देवा, बेलग्रेडात मेलेल्यांचीसुद्धा अदलाबदल करतात की काय!"

"आत्या, बस आधी. पाणी घे."

"पाणी राहू दे. कोणी केलं हे?"

विश्न्या गहू निवडायला बसली. गहू स्वच्छ होता, तरी निवडायला बसली. आत्या समोर बसून अक्रोड फोडू लागली आणि फोडता फोडता बोलू लागली, विश्न्याला निम्मं ठाऊक असलेलं आणि निम्मं कधी विचारलेलंच नसलेलं. बाबाच्या आधी आजीची तीन मुलं गेली होती. एक सहा आठवड्यांचं, एक चार महिन्यांचं, एक चालायला लागलेलं. चौथा झाला तेव्हा आजीनं त्याला दारातून बाहेर नेलंच नाही. मरणाला ते दार पाठ झालं होतं. खिडकीतून सुईणीच्या हातात दिला. सुईणीनं पहाटे चव्हाट्यावर सूप ठेवलं, सुपात पोर, आणि आजी कुंपणामागं मार्चच्या चिखलात बसून राहिली. जो पहिला येईल तो धर्मबाप. त्यानं नाही म्हणायचं नाही, आणि घरानंही त्याला नाही म्हणायचं नाही, मग तो कोणीही असो.

"आणि आला कोण?" आत्यानं अक्रोड अडकित्त्यात धरून दाबला. "आधी सावकाराची बग्गी दिसली. आईला वाटलं, चला, नशीब उघडलं. बग्गी वळली गिरणीकडे. मग आला एक कल्हईवाला, भटक्या रोमा जमातीचा, पाठीवर पातेली, चालीवरून थोडी घेतलेली. पोर उचललं, इकडंतिकडं बघितलं आणि ओरडला, 'कोणाचं ग हे? सापडलंय मला! माझं आहे!' असं ओरडायचंच असतं. मरणाला ऐकू गेलं पाहिजे की हे त्या घरातलं नाहीच, वाटेवर सापडलेलं आहे. म्हणून नायदान. गावानं नंतर काय कमी चिडवलं? कल्हईवाल्याचा, पातेल्याचा. वडलांना चुलते म्हणाले, बदला नाव, आपल्या घराण्यात शोभत नाही. तेव्हा आई काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, माझी तीन शोभिवंत नावं मातीत आहेत. हे राहिलं."

विश्न्याच्या बोटांतून गहू गळत होता. सुपातलं पोर तिला दिसेना. दिसत होती ती कुंपणामागची बाई, जिला आपल्याच मुलावर आपला हक्क नाही असं सगळ्या जगाला ऐकवायचं होतं, आणि ऐकवताना रडायचंही नव्हतं. ज्या नावासाठी तिनं एवढं सोसलं ते नाव नात वर्गातल्या चाळीस पोरांच्या हसण्याला देऊन मोकळी झाली. फुकट देऊन.

"तिकडं आई वाट बघत असेल," आत्या म्हणाली, भाजी आणायची आहे अशा साध्या आवाजात. "उद्या खड्ड्यापाशी नेनाद म्हणून हाक गेली तर ती काय म्हणेल? म्हणेल, हा आमचा नव्हे. जाऊ द्या पुढं. कोणी काढलं ग त्याच्या अंगावरून ते नाव?"

"एकोणऐंशी वर्षं टिकलं की आत्या."

"टिकलं. म्हणून का काढायचं?"

विश्न्या उठली. कोट न घालता जिना उतरली आणि काचेच्या दारावरचा कागद एका कोपऱ्यातून धरून ओढला. तो सरळ निघाला नाही. बाबाचा कान काचेला राहिला. नखानं खरवडून तिनं तोही काढला. मग पहिलं झाड, दुसरं, खांब. भाजीच्या पिशव्या घेतलेली एक बाई थबकली. "अहो बाई, वेड लागलं का? मेलेल्याचं फाडू नये!"

"माझेच बाबा आहेत."

"मग तर मुळीच फाडू नये!"

सात कागद हातात जमले तेव्हा समोरून बुदिमीरकाका आले, काळा कोट इस्त्रीहून घेऊन. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. "कोणी पोरांनी फाडले का?"

"मी. नाव चुकलंय, काका. बाबाचं नाव नायदान."

"चुकलंय?" त्यांच्या गळ्याची शीर उठली. "पस्तीस वर्षं मी त्याला नेनाद म्हणतोय आणि तो ओ देतोय. रोज. पावसात, दारू पिताना, बुद्धिबळात हरताना. मग चूक कोणाची?"

इथं सांगता आलं असतं. रस्त्यावर ते दोघंच होते, आणि ती भाजीच्या पिशव्या घेतलेली बाई. विश्न्याचं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "कागद नव्यानं छापून घेईन. क्रूसावरची पाटीही बदलायला सांगते."

"सांग. खुशाल सांग." कोट दुसऱ्या हातावर घेत ते म्हणाले. "पण उद्या खड्ड्यापाशी इमारतीतर्फे मी बोलणार आहे, आणि मी ज्याला ओळखत होतो त्याच्याबद्दलच बोलणार. तुझा नायदान कोण ते मला माहीत नाही. मला कोणी सांगितलं नाही." आणि म्हातारा माणूस डोळ्यांत पाणी आलेलं दिसू नये म्हणून इतक्या घाईनं वळला की कोटाचा हँगर रस्त्यावर पडला.

नवे कागद वेळेत छापून झाले नाहीत. रविवारी लेश्चेच्या टेकडीवर वारा होता. दफनभूमीच्या त्या उतारावर दोन घोळके उभे होते, आणि दोघांचीही एकमेकांबद्दल खात्री होती की हे चुकून आले आहेत. डेपोतले म्हातारे एका बाजूला, जे नायदानला पोहोचवायला आले होते. इमारतीतली माणसं दुसऱ्या बाजूला, नेनादला. पाद्रीनं आत्यानं दिलेल्या चिठ्ठीवरून नाव वाचलं, "देवाचा सेवक नायदान," तसं इमारतीतल्या दोघींनी शेजारच्या कबरीकडे मान लांबवून पाहिलं. पाद्रीनं कुजबुज ऐकली आणि आवाज चढवला. लाल दारू मातीवर ओतली गेली. मग बुदिमीरकाका पुढं आले. इस्त्रीच्या कोटाला वारा लागत होता. त्यांनी खिशातून कागद काढला, परत ठेवला. "माझा शेजारी," ते म्हणाले, "माझा भाऊ, आमचा मिस्त्री नेनाद..."

"कोण नेनाद?" डेपोकडून एक खरखरीत आवाज आला. "आजोबा, तुमची मयत पलीकडची असेल!"

कोणीतरी हसलं. खरंच हसलं, वाऱ्यात, तोंडावर हात ठेवून. बुदिमीरकाकांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ते विश्न्याकडे बघेनात. त्यांनी खिसा चाचपला, जणू खरं नाव तिथं ठेवलेलं असावं. आणि विश्न्याला दिसलं की हा माणूस आता आयुष्यभर, म्हणजे जेवढं उरलंय तेवढं, मित्राच्या कबरीवर नाव चुकलेला म्हातारा म्हणून ओळखला जाईल. तिनं नुसतं उभं राहायचं, समोरच्या सरूच्या झाडाकडे बघायचं, आणि सगळं आपोआप मिटेल. मान वळू लागली होती. ती तिला जाणवली, मणक्यात, जुन्या सवयीची. तिनं ती धरून ठेवली.

"काकांचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली.

आवाज बारीक आला. आत्यानं तिच्या कोपराला हात लावला, तिनं तो हलकेच सोडवला आणि पुन्हा, मोठ्यानं, दोन्ही घोळक्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काकांचं काही चुकलेलं नाही. त्यांना तेच नाव सांगितलं गेलं होतं. मी सांगितलं. चौदा वर्षांची होते, शाळेत बापाचं नाव विचारलं, आणि मला नायदान म्हणायची लाज वाटली. म्हणून मी नेनाद म्हणाले."

"असू दे, मुली," पाद्री हळूच म्हणाला, "आता या वेळी कशाला?"

"याच वेळी. दुसरी वेळ मी घालवली." ती इमारतीतल्या माणसांकडे वळली. "त्याची तीन भावंडं मेली म्हणून त्याच्या आईनं त्याला चव्हाट्यावर ठेवला. एका कल्हईवाल्यानं उचलला. हे त्याचं नाव, आणि ते कचऱ्यातलं नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं, मी इथंच उभी आहे. पस्तीस वर्षं तुम्ही प्रेमानं हाक मारलीत आणि तो माझ्या लाजेला ओ देत राहिला. एकदाही म्हणाला नाही की मी तो नव्हे. माझ्यासाठी."

कोणी हसलं नाही. बुदिमीरकाकांनी टोपी काढली. विश्न्या खड्ड्याच्या काठापर्यंत गेली, इतकी पुढं की सैल माती तिच्या बुटाखालून आत घरंगळली आणि कोणीतरी मागून "सांभाळ ग" म्हणालं. तिनं मागं पाहिलं नाही.

"नायदान तासिच!" ती म्हणाली. बापाला नावानं हाक मारायची तिची ही पहिलीच वेळ होती. "बाबा, मी बघितली होती ती सही. त्याच दिवशी, जिन्यात. चारही वर्षं बघत होते."